बाळंतिणीच्या खोलीतला पूल

पुलावरून जाणाऱ्याला पूल दिसत नाही. काल तुम्ही दोघं आईबरोबर कुडाळहून मांडवी एक्स्प्रेसनं आलात. निवसर गेलं, रत्नागिरी यायला थोडा वेळ होता, आणि एकदम खिडकीखालची जमीनच नाहीशी झाली. धाकट्यानं आईचा दंड धरला म्हणे. पण तुम्हाला दिसली ती दरी. पूल बघायचा तर आपल्याकडून बघावा, काजूच्या बागेच्या टोकावरून तर उत्तम. तिथून दरीपलीकडं तो पुरता दिसतो: ओळीनं उभे राखाडी खांब आणि त्यांच्या माथ्यावरून सरळ गेलेली एक रेघ.

आता बाय विचारते, "आबा, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एकाच पुलाचे एवढे फोटो कशाला?" सांगतो. पण आधी तो पूल झाला कसा ते ऐका, म्हणजे पुढचं नीट कळेल.

पानवलचा पूल म्हणतात त्याला. लांबी ४२४ मीटर, उंची ६४ मीटर. दिल्लीचा कुतुबमिनार ७३ मीटरचा, म्हणजे आपला पूल त्याच्यापेक्षा नऊच मीटरनं ठेंगणा. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख. रोह्यापासून मंगळूरच्या अलीकडच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, ९१ बोगदे आणि लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. १९९८ च्या २६ जानेवारीला मार्गाचं उद्‌घाटन झालं. ह्या सगळ्या पुलांत उंच हाच. जगात नव्हे रे, धाकट्या. काश्मीरमध्ये चिनाब नदीवर रेल्वेचा पूल आहे तो ३५९ मीटर उंच, २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला. पण तोही उभा राहिला तो आपल्याच कोकण रेल्वेच्या देखरेखीखाली. दऱ्यांशी कसं वागायचं हे ही मंडळी कोकणात शिकली होती.

एरवी पूल बांधताना काय करतात, तर खालून परांची उभी करायची, तिच्यावर सेंट्रिंग ठोकायचं आणि काँक्रीट ओतायचं. इथं परांची उभारायची म्हणजे वीस मजल्यांची उंची आणि खाली उतार. त्यात आपला पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. कोण बांधतो? मग इंजिनिअरांनी वेगळाच मार्ग काढला. समजा, आपल्या माडीच्या खिडकीतून समोरच्या घराच्या खिडकीपर्यंत शिडी न्यायची आहे आणि खाली उतरायची सोय नाही. काय कराल? शिडी आतून थोडी थोडी पुढं सरकवाल. तसाच हा पूल सरकवला. दरीच्या एका काठावर पक्क्या जागी पुलाचा एक तुकडा ओतायचा, तो घट्ट झाला की हायड्रॉलिक जॅकनं पुढं ढकलायचा, त्याच्या पाठीला चिकटून दुसरा ओतायचा, पुन्हा सगळं मिळून ढकलायचं. खांब आधीच उभे केलेले. तळहाताएवढ्या टप्प्यांनी अख्खा पूल दरीवर सरकत गेला. भारतात ही पद्धत पहिल्यांदा वापरली ती इथं, पानवलला.

बाय हुशार, ती लगेच म्हणाली, "पण आबा, शिडीचं पुढचं टोक खाली झुकेल ना!" झुकणारच. एका खांबावरून निघालेला पूल दुसऱ्या खांबापर्यंत पोचेस्तोवर अधांतरी असतो. म्हणून त्याच्या तोंडाशी पोलादाचं एक लांब, हलकं नाक बसवतात. काँक्रीटपेक्षा पुष्कळ हलकं, त्यामुळे वाकण्याचा जोर कमी होतो, आणि पुढच्या खांबाला आधी हे नाक टेकतं. आणि एवढं ओझं खांबावरून घासत कसं जातं? मध्ये टेफ्लॉनच्या गाद्या ठेवतात. हो, आईच्या न चिकटणाऱ्या तव्यावर असतं तेच टेफ्लॉन. त्याच्यावर गुळगुळीत पोलाद इतकं सहज घसरतं की हजारो टनांचं ओझं हलवायला त्याच्या वजनाच्या मानानं थोडा जोर पुरतो.

अजून एक. असले उंच खांब बहुतेक पोकळ बांधतात. कंजूषपणा नाही तो. वाऱ्यानं खांब वाकायला बघतो तेव्हा सगळा ताण येतो बाहेरच्या अंगावर, मधला भाग नुसता ओझं म्हणून उभा असतो. बांबूनं हे कधीच ओळखलं, धनेशासारख्या पक्ष्याच्या हाडांनीही ओळखलं. धनेशाकडे आपण मागाहून येणारच आहोत.

आता फोटोंकडे.

२०१९ च्या श्रावणात तुमची आजी गेली. बाय तेव्हा पहिलीत होती, धाकटा तर रांगत होता. माणसं आली, दिवसकार्य झालं, माणसं गेली. तुमच्या आईनं कुडाळला चला म्हणून पुष्कळ विनवलं, मी गेलो नाही. कलमांना पाणी कोण घालणार, हे निमित्त. खरं म्हणजे घर सोडवत नव्हतं आणि घरात बसवतही नव्हतं. उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवलं, पण पुस्तक उघडलं की एकच ओळ तीनतीनदा वाचत बसायचो.

मग आली २६ डिसेंबरची सकाळ. त्या दिवशी सूर्यग्रहण होतं. केरळात, कर्नाटकाच्या किनाऱ्यावर कंकणाकृती दिसलं, आपल्याकडं खंडग्रास, पण सूर्याचा बराच भाग चंद्रानं झाकला. आठ वाजून गेल्यावर ते सुरू झालं. मी चहा घेऊन पडवीत बसलो होतो, ग्रहणाचं मला काही देणंघेणं नव्हतं. समोरच्या काजूच्या पानांतून ऊन गळून पडवीच्या भिंतीवर कवडसे पडले होते, रोज पडतात तसे. सहज नजर गेली तर कवडसे गोल नव्हते. सगळेच्या सगळे कोयरीच्या आकाराचे, एका बाजूनं कुरतडलेले. भिंतभर शेकडो चंद्रकोरी, सगळ्यांची टोकं एकाच दिशेला.

तुम्हाला काय वाटतं, कवडसा गोल का असतो? पानांमधली फट गोल असते म्हणून? नाही. फट तिरकी, लांबुडकी, फाटकी, कशीही असते. तरी कवडसा गोल, कारण तो फटीचा आकार नसतोच, तो सूर्याचा फोटो असतो. सूर्याच्या वरच्या कडेचा किरण फटीतून खाली जातो, खालच्या कडेचा वर जातो, आणि भिंतीवर सूर्य उलटा उमटतो. सूर्य गोल म्हणून कवडसा गोल. सूर्य कुरतडला गेला की कवडसाही कुरतडला जातो. हजार वर्षांपूर्वी इब्न अल् हैथम नावाच्या अरब विद्वानानं ह्याच कोड्याचा विचार केला होता, तोही ग्रहणातल्या सूर्याची कोर छिद्रातून बघून.

ह्यात एक गणितही लपलंय. सूर्याचं आपल्यापासूनचं अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट आहे. म्हणून फटीपासून भिंतीचं अंतर मोजा, त्याला १०७ नं भागा, कवडशाचा व्यास मिळेल. तीन मीटरवरून पडलेला कवडसा पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास. उलटं केलं तर कवडसा आणि अंतर मोजून सूर्य किती मोठा ते काढता येतं, फक्त तो किती लांब आहे हे ठाऊक हवं. पंधरा कोटी किलोमीटर भागिले १०७. करा बघू.

त्या सकाळी मी उठलो आणि तुमच्या बाबांनी दिलेला जुना कॅमेरा कपाटातून काढला. कवडशांचे फोटो घेतले. ग्रहण सुटलं, कवडसे पुन्हा गोल झाले. कॅमेरा हातात होता, चार्ज शिल्लक होता, म्हणून बागेच्या टोकाशी गेलो आणि पुलाचा एक काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तर कालचा पूल आणि आजचा पूल सारखे नव्हते. काल कडक सावल्या, आज सगळं दुधाळ. का बरं?

तर बाय, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. दुःखाचं मला काही उमजत नव्हतं. ते अमुक दिवशी जास्त का, रात्री दोन वाजता का उठवतं, ह्याचा हिशेब मला लागेना. पण आज पूल वेगळा का दिसला, ह्याचा हिशेब लागायचा. हवेत बाष्प किती, सूर्य कुठं, वारा कुठला, हे जुळवता जुळवता जेवायची वेळ व्हायची आणि चक्क भूक लागायची. त्या दिवसांत मला भूक लागणं ही मोठी बातमी होती. तुमच्या आईला मी फोनवर तीच सांगायचो.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे सगळंच बंद झालं. २२ तारखेला जनता कर्फ्यू, त्याच रात्रीपासून प्रवासी गाड्या थांबल्या. तुमची आई सिंधुदुर्गात, मी रत्नागिरीत, मध्ये जिल्ह्याची हद्द आणि तिथं पोलीस. मालगाड्या तेवढ्या जायच्या. एरवी गाड्यांवर आमची घड्याळं चालायची, आता दुपार कुठं संपते तेच कळेना. बाग आपली, बागेचं टोकही आपलं, तिथं जायला मात्र पास लागत नव्हता.

तेव्हा एक मजा सापडली. पूल आपल्या पूर्वेला. सूर्य पलीकडच्या डोंगराआडून पुलाच्या वर येतो. मार्चअखेर मी रोज सकाळी एका ठरावीक दगडावर उभा राहून फोटो घेत होतो. आठवड्याभराचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर सूर्य एका खांबाच्या रेषेवरून सरळ पुढच्या खांबाकडं चालला होता, उत्तरेच्या बाजूला. सूर्य नेमका पूर्वेला उगवतो, हे आपण शाळेत पोरांकडून घोकून घेतो. असा तो वर्षातून दोनच दिवस उगवतो, मार्चमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा. रत्नागिरीच्या अक्षांशावर उगवतीची जागा डिसेंबर ते जून सुमारे ४९ अंश सरकते. आणि ही चाल सारखी नसते. डिसेंबरात, जूनमध्ये सूर्य जागच्या जागी घुटमळतो. मार्चच्या शेवटी मात्र रोज आपल्या व्यासाच्या जवळजवळ पाऊणपट सरकतो. पृथ्वीचा आस कलता आहे, त्याचा हा खेळ. जग थांबलंय असं जो तो म्हणत होता, आणि माझ्या फोटोत सूर्य वर्षातल्या सगळ्यांत वेगानं पुढं निघाला होता.

एप्रिलमध्ये धनेश आला. मलबारी कवड्या धनेश म्हणतात तो, काळापांढरा, पिवळी मोठी चोच आणि चोचीवर शिरस्त्राण. त्याच्या पंखांचा आवाज तो दिसायच्या आधी येतो. गाड्या बंद असल्यामुळे तो दरीपलीकडूनही ऐकू यायचा. पुलाच्या खांबांसमोरून रोज त्याच वाटेनं जायचा, गळ्यात काहीतरी भरून, आणि रिकामा परत यायचा. नेहमी एकटाच. मला कळलं, ह्याची बायको कोंडून घेऊन बसलीय.

हसता काय! धनेशाची मादी अंडी घालायची वेळ आली की जुन्या, मोठ्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. लिंपायला काय, तर स्वतःची विष्ठा, फळांचा गर, झाडाचा भुसा. वाळलं की ते सिमेंटसारखं टणक होतं. एक उभी फट ठेवते, चोच जाईल एवढी. आत बसल्यावर पंखांची आणि शेपटीची पिसं गाळते, म्हणजे मनात आलं तरी उडता येत नाही. साप, माकड, रानमांजर कुणाची प्राज्ञा नाही आत शिरायची. जवळजवळ तीन महिने नर बाहेरून भरवतो. वडाची, उंबराची फळं गळ्यात साठवून आणतो आणि एकेक फळ ओकून फटीतून देतो. मादी आपली शेपूट फटीकडं करून घाण बाहेर टाकते, घर स्वच्छ ठेवते. पिल्लं उडायला झाली की लिंपण फोडून सगळी बाहेर. मधल्या काळात नराला काही झालं तर आतल्यांची उपासमार ठरलेली. म्हणून ढोलीपाशी माणसानं जाऊ नये, फोटोसाठी तर मुळीच नाही. नर बिचकतो, भरवायला येत नाही. झाड कुठलं असणार ते त्याच्या उडण्याच्या रेषेवरून मी ताडलं होतं, पण गेलो नाही, कुणाला सांगितलंही नाही. माझ्याकडं फक्त पुलासमोरून जाणाऱ्या नराचे फोटो आहेत. मेच्या शेवटी एक आहे बघा, त्यात एक, दोन, तीन, चार आहेत.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर चढलं, दापोली-मंडणगडची दाणादाण उडाली. आपल्याकडं वीज गेली, दोन माड पडले. त्या दिवशी फोटो नाही. पण पुलावर वारा मोजायचं यंत्र असतं, हे तुम्हाला ठाऊक नसेल. कोकण रेल्वेनं चार जागी ती बसवली आहेत: आपला पानवल, गोव्यातले मांडवी आणि झुआरीचे पूल आणि होन्नावरजवळचा शरावतीचा. उंचावर वारा जास्त असतो, कारण जमिनीलगतच्या वाऱ्याला झाडं, घरं, डोंगर अडवतात. वारा ठरावीक वेगापलीकडं गेला की गाडी पुलावर सोडत नाहीत.

पुढचे चार महिने पूल अर्धा दिवस असायचा, अर्धा नसायचा. समोरून पावसाची चादर यायची, खांब पुसत पुसत इकडं सरकायची, आणि मी कॅमेरा सदऱ्याखाली घेऊन घराकडं पळायचो. कोकणात पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि काच कायमची खराब करते. म्हणून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात तो ठेवायचा. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की समजायचं, ह्यांचं पोट पाण्यानं भरलं. मग लोखंडी तव्यावर मंद आचेवर परतायचे, पाणी उडून जातं आणि पुन्हा निळे होतात. आजीच्या तव्यावर मी हे धंदे करताना तिनं बघितलं असतं तर माझी धडगत नव्हती.

गणपतीला स्पेशल गाड्या सुटल्या. आणि गाडी आली की मला आणखी एक खेळ मिळाला. इंजिन पुलावर चढलं की आवाजाची जात बदलते, भरीव खडखडाटाचा पोकळ घुमारा होतो. पण इंजिन चढलेलं डोळ्यांना दिसतं आधी आणि घुमारा कानात येतो मागाहून. मध्ये जवळजवळ तीन सेकंद. आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे आपल्या घरापासून पूल एक किलोमीटरवर आला. हा आकडा लक्षात ठेवा, तो लागणार आहे.

सगळ्यांत सुंदर फोटो जानेवारीतले. थंडीच्या रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन आपली उष्णता वर फेकते आणि गार होते. तिला टेकलेली हवाही गार होते. गार हवा जड, ती उतारावरून घरंगळत दरीच्या तळाशी साचते. आपल्या हवेत समुद्राचं बाष्प मुबलक, गारठ्यानं त्याचे थेंब होतात, झालं धुकं. सकाळी बघावं तर दरी काठोकाठ पांढरी, खांब बुडालेले, आणि वर नुसती पुलाची रेघ. कशावर टेकलीय कळू नये. ऊन चढलं की धुकं विरत जातं आणि खांब वरून खाली उगवत येतात. जवळचा खांब गडद, त्यामागचा फिका, त्यामागचा त्याहून फिका, कारण प्रत्येकाच्या आणि आपल्या मध्ये धुक्याचे थेंब वाढत जातात. मी टाळ्या पिटायचो आणि शेजारचे बागायतदार कपाळाला हात लावायचे. मोहोर धरलेला असताना धुकं पडलं की भुरी येते, हापूसचं वर्ष जातं. धुक्याच्या दिवशी मी कॅमेरा गळ्यात अडकवून रस्त्यानं जायचं टाळायचो.

त्याच जानेवारीतला पहाटेचा पूल आणि मेमधला दुपारचा पूल, दोन्ही फोटो उघडा. काही फरक दिसतो? दिसणार नाही, पण मेमधला पूल लांब आहे. काँक्रीट तापलं की वाढतं, दर अंशाला लांबीच्या साधारण एक लाखांश. पूल ४२४ मीटरचा, पंधरा अंशांचा फरक धरा, सहा सेंटिमीटरहून जास्त झाले. हे जर कुठं कोंडलं असतं तर पुलानं स्वतःलाच चिरा पाडल्या असत्या. म्हणून पूल खांबांवर सगळीकडे घट्ट ठोकून बसवत नाहीत. मध्ये सरकत्या बैठका असतात, टोकांना मोकळी फट असते. आता ह्यातलं खरं आश्चर्य ऐका. काँक्रीटच्या पोटात पोलादाच्या सळ्या असतात. पोलाद आणि काँक्रीट ह्यांचं काही नातं नाही, एक भट्टीतून आलेलं, दुसरं खडी-वाळू-सिमेंटचं. तरी तापल्यावर दोघं जवळजवळ सारखीच वाढतात. तसं नसतं तर दर उन्हाळ्यात सळ्या काँक्रीटपासून सुटल्या असत्या, आणि हा पूल काय, शहरातला एकही टॉवर उभा राहिला नसता. हे जुळणं माणसानं जुळवलेलं नाही. आयतं मिळालं, आपण वापरलं.

२०२२ नंतरच्या फोटोंत पुलावर खांब आणि तारा दिसतील, कारण त्या वर्षी कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पुरं झालं. चित्राचा साधेपणा थोडा गेला, पण डिझेलचा काळा धूरही गेला. मी तक्रार करत नाही.

आता चला, उठा. पूर्वेच्या बाजूची ती लहान खोली आहे ना, बाळंतिणीची खोली, तुमची आई जन्मली ती. एकच खिडकी, ती दरीकडं उघडणारी. तिला मी सकाळीच काळा पुठ्ठा ठोकलाय आणि मधोमध करंगळी जाईल एवढं भोक पाडलंय. दार लावा, खाली चादर सारा, फटीतून उजेड नको. समोरच्या भिंतीला नवा चुना आहे. पाच मिनिटं काही दिसणार नाही, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ दे. आता दुपारचं ऊन पश्चिमेकडून थेट पुलावर पडलंय, म्हणून हीच वेळ.

दिसायला लागलं? खाली निळसर ते आकाश. वर हिरवं ते जंगल. आणि ह्या दोन्हींच्या मध्ये खांब लटकताहेत वटवाघळांसारखे, डोकं खाली. आता हिशेब करा. पूल एक किलोमीटरवर, भिंत भोकापासून तीन मीटरवर. ४२४ मीटरचा पूल भिंतीवर सव्वा मीटरहून थोडा जास्त, ६४ मीटरचा खांब एकोणीस सेंटिमीटर. ही घे पट्टी, मोज. ग्रहणाच्या सकाळी काजूच्या पानांनी केलं तेच हे पुठ्ठ्याचं भोक करतंय, तिथं सूर्य होता, इथं पूल आहे. कडा पुसट आहेत, हो. भोक लहान केलं तर कडा सुधारतील पण उजेड कमी होईल, मोठं केलं तर उलट. दोन्ही एकदम हवं म्हणून माणसानं भिंग बसवलं आणि त्याला कॅमेरा म्हणू लागला.

तुझ्या डोळ्यातही, धाकट्या, पूल असाच उलटा पडतो. तो सुलटा करून बघायचं काम मेंदूचं.

आली, गाडी आली! भिंतीकडं बघा, उलटी येईल, चाकं वर. बाय, कॅमेरा स्टँडवर आहे, बटण हळू दाब आणि हात काढून घे. एवढ्याशा उजेडात त्याला अर्धं मिनिट उघडा ठेवावा लागतो. गाडी फोटोत येणार नाही, तेवढ्यात ती निघून जाईल, फार तर एक पुसट पट्टा उमटेल. पूल येईल. आणि शटर मिटेपर्यंत कुणी दार उघडायचं ना... अरे, सांगतोय काय मी! फणसाचे गरे काय पळून चाललेत का? लाव ते दार. बाय, पुन्हा दाब.